हिरा भागोळ

मराठी माणसाला डभोई ठाऊक असते ती एका लढाईमुळे. १ एप्रिल १७३१ रोजी या परिसरात पहिल्या बाजीरावानं सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांचा पराभव केला. त्र्यंबकराव रणात पडले. दोन्हीकडे मराठेच होते. पानिपतावर आपण तासन्‌तास बोलतो, हिच्याबद्दल फारसं नाही.

ती लढाई मनात घेऊनच आपण वडोद्याहून निघतो. अंतर ३० किलोमीटरच्या आसपास. गावाला जुन्या कोटाच्या चार वेशी आहेत. गुजरातीत त्यांना भागोळ म्हणतात. वडोदरी, चांपानेरी, नांदोदी : वाट जिकडे जाते, त्या गावाचं नाव त्या वेशीला. पूर्वेची तेवढी हिरा भागोळ.

हिराधर हा कोट बांधणारा कारागीर, असं लोक सांगतात. कोटाच्या कामातला दगड गुपचूप नेऊन त्यानं जवळच्या तेन गावी तळं बांधलं. राजाला कळलं आणि त्यानं हिराधरला भिंतीत चिणलं. ही दंतकथा. कोट कुणी उभारला म्हणून इतिहास सिद्धराज जयसिंह आणि वाघेला राजा विसलदेव यांची नावं सांगतो. वेशीला मात्र हिराधरचं नाव मिळालं. चोरी राजाची झाली, तळं लोकांना मिळालं. निवाडा कुणी कसा करायचा?

आणि नवरात्र. कवी दयाराम १७७७मध्ये चांदोदला जन्मले, पण आयुष्याचा मोठा काळ राहिले डभोईत. त्यांच्या गरब्या, म्हणजे गरब्यात गायची गीतं, नवरात्रात आजही गुजरातभर गायल्या जातात. दयारामांनी मराठीतही काही रचना केल्या, असं सांगतात. मला हे लढाईपेक्षा मोठं वाटतं. फौजा आल्या तशा गेल्या. त्यांच्यामागून आलेली भाषा इथल्या एका कवीच्या तोंडी बसली, आणि त्यासाठी कुणाला जिंकावं लागलं नाही.

आपण परगावी जातो तेव्हा बहुधा आपलंच एखादं पान शोधत असतो. ते सापडलं की फोटो काढतो, चहा घेतो, परततो. गावाला स्वतःचं काय आठवतं, हे विचारायचं राहून जातं.

वडोद्याहून येणारा माणूस पश्चिमेच्या वेशीशी पोचतो. हिरा भागोळ गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. गेलात तर अलीकडूनच मागे फिरू नका. बाजारातून चालत तिथवर जा.