लोखंड एक, छिन्न्या वेगळ्या

छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो, की नखं काढायचं एक लोखंडी हत्यार जाणलं की लोखंडाचं जे जे आहे ते सगळं जाणलं जातं. अद्वैती यावरून म्हणतात, आकार हे नुसतं नाव, खरं ते लोखंड. मी फिटर म्हणून आयुष्य काढलं. हे मला कधी पटलं नाही.

आमचं घर माध्व, व्यासराज मठाच्या सोसले शाखेचं. म्हैसूर जिल्ह्यातलं सोसले तिरुमकूडलु नरसीपूरच्या जवळ आहे, कावेरी-कपिलेच्या संगमाच्या मुलखात. ज्यांच्या नावानं हा मठ ओळखला जातो त्या व्यासतीर्थांनी (1460–1539) ‘न्यायामृता’त भेद सत्य आहे हे इतक्या बारकाईनं मांडलं, की त्याला उत्तर म्हणून मधुसूदन सरस्वतींनी ‘अद्वैतसिद्धी’ लिहिली. मध्वाचार्यांचे पाच भेद आमच्याकडे लहानपणीच पाठ होतात: ईश्वर-जीव, ईश्वर-जड, जीव-जीव, जीव-जड आणि जड-जड. सोसल्याला मठात शिकणाऱ्या एका मुलानं मला विचारलं, शेवटच्या भेदाचं मोठंसं काय? दगड वेगळा आणि लाकूड वेगळं, हे कुणाला कळत नाही?

मी त्याला वडिलांच्या पेटीतल्या छिन्न्यांबद्दल सांगितलं. बाबाही फिटरच होते. त्यांच्यामागे पेटी उघडली तेव्हा आत गंजलेल्या पोलादाचे तुकडे होते, बहुतेक सगळे आठपैलू, सगळे एकाच रंगाचे. नवख्याला तिथे नुसतं लोखंड दिसेल. रॉकेलमध्ये भिजवून गंज उतरवला की एकेक ओळख पटू लागते. रुंद, किंचित बाकदार धारेची ती चपटी, पत्रा तोडायला आणि पृष्ठभाग तासायला. अरुंद धारेची ती क्रॉसकट; तिची धार मागच्या अंगापेक्षा जराशी रुंद असते, म्हणून शाफ्टमध्ये चावीची खाच पाडताना ती अडकत नाही. गोल नाकाची बेअरिंगमध्ये तेलाच्या खाचा कोरते. चौकोनी टोकाची, जिला आम्ही डायमंड म्हणायचो, कोपरे साफ करते.

गोल नाकाच्या छिन्नीचं आणखी एक काम आता कुणाला आठवत नसेल. ड्रिल मध्यापासून सरकलं, तर ज्या बाजूला भोक न्यायचं त्या बाजूला तिनं एक खाच मारायची, म्हणजे ड्रिल आपोआप तिकडे ओढलं जातं.

धारेचा कोनही बोलतो. बिडासाठी साठ अंशांच्या आसपास, सौम्य पोलादाला पंचावन्न, तांब्याला पंचेचाळीस, ॲल्युमिनियमला तीस. आणि एकाच छिन्नीत दोन स्वभाव असतात. टोक तापवून पाण्यात बुडवायचं, घासून चकचकीत करायचं, मग मागच्या उष्णतेनं त्यावर पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग सरकताना पाहायचे आणि जांभळ्यावर पुन्हा पाण्यात घालायचं. डोकं मात्र मऊच ठेवायचं, नाहीतर हातोड्याखाली कपची उडून डोळा जाईल. म्हणूनच जुन्या छिन्नीचं डोकं छत्रीसारखं पसरलेलं असतं. पोलाद तेच, पण टोकाचं काम डोक्याला जमत नाही. हा फरक नुसत्या नावाचा कसा असेल?

मुलगा हुशार होता. म्हणाला, पण तुम्हाला आधी लोखंडच दिसलं ना, भेद नंतर कळला? प्रश्न खरा आहे. आमचे आचार्य म्हणतात, भेद हा वस्तूच्या स्वरूपातच असतो, तो वरून चिकटत नाही. वस्तू दिसली की ती इतर सगळ्यांहून वेगळी आहे हे मोघम कळतंच, कशाहून कशी वेगळी हा तपशील पुढे येतो. नाहीतर मडकं पाहताना ‘हे मडकं मीच तर नाही?’ अशीही शंका आली असती. पेटीतला तुकडा हातात घेतला तेव्हा तो शेजारच्याहून निराळा आहे, हे मला ठाऊक होतं. काय म्हणून निराळा, ते मात्र रॉकेल आणि वेळ लावून शोधावं लागलं.

त्यानं आणखी एक अडचण काढली, आणि ती मला जास्त आवडली. पेटीतली एक क्रॉसकट मुळात चपटी होती. धार झिजल्यावर बाबांनी ती भट्टीत घालून ठोकून अरुंद केली असावी. खांद्यापाशी हातोड्याचे सपाट ठसे आहेत आणि तिथून मागचं अंग क्रॉसकटला नको इतकं रुंद राहिलं आहे. मग तिचं स्वरूप कोणतं? मी म्हटलं, घडवलेली वस्तू बदलते, तिचं काम बदलतं, हे आम्हीही मानतो; पण बदललं म्हणून आधीचं खोटं ठरत नाही. ती चपटी होती तेव्हा पत्रा खरोखर कापला गेला, आणि क्रॉसकट झाल्यावर खाचही खरोखर पडली. त्याचं समाधान झालं नाही. तो आत जाऊन ‘न्यायामृता’ची पोथी घेऊन आला आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.