पाणी एक, भांडी वेगळी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या नातवाने ओसरीवरच्या जुन्या लाकडी मांडणीत काचेच्या आठ टाक्या मांडल्या आणि प्रत्येकीत एकेक 'फायटर' मासा सोडला. शास्त्रीय ग्रंथांत या माशाला बेट्टा म्हणतात. बाजारात मात्र तो फायटर म्हणूनच मिळतो. निवृत्तीनंतर ज्या गोष्टींत आपण लक्ष घालू असे आम्हांस कधी वाटले नव्हते, त्यांत या माशांची आता गणना करावी लागेल. कारण या आठ टाक्यांनी आमच्यापुढे एक प्रश्न उभा केला आणि तो माशांपुरता राहिला नाही. ज्यांना एकत्र राहता येत नाही, त्यांनी एकच पाणी वाटून घ्यावे काय? आणि घेतल्यास एकमेकांचे काय देणे लागते?

हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. २०१९ साली त्या देशाने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. दिसायला मोठा देखणा, पण नराला दुसरा नर समोर दिसता कामा नये. कल्ले फुलवून तो धावून जातो आणि झुंज कित्येकदा एकाचा जीव घेऊनच थांबते. म्हणून त्यांना वेगवेगळ्या टाक्यांत ठेवतात आणि दोन टाक्यांच्या मध्ये पुठ्ठाही लावतात. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक खास इंद्रिय असते, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो. या देणगीचा गैरफायदा घेऊन दुकानदार त्याला लहानशा बाटलीत ठेवतात. मासा तग धरतो, एवढ्यावरून तो सुखात आहे असा सोयीस्कर समज आपण करून घेतो.

नातवाला ते बाटलीतले जिणे मान्य नव्हते. परंतु आठ टाक्यांना आठ गाळण्या परवडणार कशा? शेवटी त्याने सामाईक गाळणीची योजना आखली. प्रत्येक टाकीच्या वरच्या अंगाला धरणाच्या सांडव्यासारखे एक भोक. त्यातून जादा पाणी नळीवाटे मांडणीच्या तळाशी ठेवलेल्या हौदात उतरायचे. हौदात आधी स्पंजाचा थर गाळ अडवणार, पुढे सच्छिद्र खड्यांच्या थरावर जीवाणूंची वस्ती होणार. मग एका लहान पंपाने ते पाणी वर चढवून आठ तोट्यांतून आठही टाक्यांत सोडायचे. या माशाला जोराचा प्रवाह सोसत नाही, म्हणून तोट्या अगदी बारीक धारेवर. वीज गेली की पंप थांबतो आणि वरचे थोडे पाणी खाली येते, म्हणून हौद कधीही काठोकाठ भरायचा नाही. परतीच्या नळीचे तोंड पाण्यात बुडालेले ठेवायचे नाही, नाही तर पाणी उलटे ओढले जाऊन टाकीच रिकामी व्हायची. या बारकाव्यांत आमचे दोन आठवडे गेले.

अशा व्यवस्थेतील खरे काम डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषासारखा असतो. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर गाळणी नुसती फिरत असते, शुद्ध काही करत नसते. आणि वस्ती बसल्यावरही नायट्रेट साठतच जाते. ते काढण्याचा साधा मार्ग एकच : दर आठवड्याला आपल्या हाताने थोडे पाणी उपसून टाकणे आणि ताजे भरणे. कोणतीही व्यवस्था माणसाला कष्टांतून पुरती मोकळी करीत नाही, हे आम्ही सरकारी नोकरीत अनेकदा अनुभवले होते. येथे ते पुन्हा दिसले.

सामाईक पाण्याचा लाभ मात्र लवकरच कळला. आमच्या टाक्या दहा-दहा लिटरच्या, हौदात चाळीस लिटर. म्हणजे एकूण १२० लिटर पाणी. एके दिवशी धाकट्या नातीने एका टाकीत मूठभर अन्न ओतले. ती टाकी एकटी असती तर मासा बहुधा वाचला नसता. परंतु त्या टाकीतला दोष १२० लिटरांत विरून गेला आणि जीवाणूंनी तो पचवला. एकाची चूक आठांनी थोडी थोडी सोसली आणि कोणाचाच जीव गेला नाही.

हे पाहत असता आम्हांला आमच्या गावच्या कुंडी भंडाऱ्याची आठवण होणे अपरिहार्य होते. बुऱ्हाणपूरकरांना त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. पण ज्यांची घरे आता इंदूर-पुण्याला गेली आहेत, त्यांच्या मुलांसाठी दोन शब्द. अब्दुल रहीम खानखाना येथे सुभेदार असताना १६१५ च्या सुमारास इराणी जाणकार तबकुतुल अर्ज याच्या आखणीवरून हे काम झाले असे सांगतात. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीखालून तापीकडे झिरपत जाणारे पाणी भुयारात अडवायचे, शंभरावर कुंड्या त्या भुयाराने एकमेकींस जोडायच्या आणि केवळ उताराच्या बळावर ते पाणी जाळी करंजपर्यंत व तेथून नळांनी शहरात न्यायचे, अशी ही योजना. पंप नाही, इंधन नाही. लालबागेकडच्या कुंडीत सुमारे ८० फूट खाली उतरले की आजही तेथे निर्मळ पाणी वाहताना दिसते. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव आले, याचा आपणा सर्वांना अभिमान वाटला.

त्या कुंड्यांकडे आम्ही आजवर वास्तुकलेचा नमुना म्हणून पाहत होतो. आता वेगळ्या दृष्टीने पाहतो. वरून प्रत्येक कुंडी स्वतंत्र विहिरीसारखी. ज्याच्या दाराजवळ ती, त्याला ती आपली वाटावी. खाली मात्र पाणी एकच. वरच्या अंगाच्या कुंडीत कोणी घाण टाकली तर तिचा उपद्रव खालच्या अंगाला व्हायचा. या पाण्यात चुनखडीचा अंश फार; त्याची पुटे भुयाराच्या भिंतींवर चढत जातात आणि ती खरवडली नाहीत तर मार्ग अरुंद होतो. 'माझ्या कुंडीपुरते मी पाहीन' असे प्रत्येकाने म्हटले, तर कुंड्या राहतील आणि पाणी जाईल. २०२२ साली आपला जिल्हा देशातील पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला, गावोगावच्या घरांत नळ आले, ही मोठीच गोष्ट. पण नळ घरात आला की पाणीही आपल्या एकट्याचे वाटू लागते, हा धोका त्याच्यासोबतच येतो. पाणवठ्यावर निदान शेजाऱ्याची घागर दिसत असे.

आता आमच्या हातून घडलेल्या चुकीकडे वळतो. पावसाळ्याच्या आरंभी एका स्नेह्याने एक निळा फायटर भेट दिला. नातवाने आधीच बजावले होते की, नवा मासा चार आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवायचा, मगच सामाईक पाण्यात घ्यायचा. तो तेव्हा शाळेच्या सहलीला गेलेला. एक मासा आम्ही दुसऱ्या घरी दिला असल्याने मांडणीतली एक टाकी रिकामीच होती. नव्या पाहुण्याला बरणीत एकट्याला ठेवणे आमच्या जिवावर आले आणि आम्ही त्याला त्या टाकीत सोडले. आठवड्याभरात त्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. हे एका सूक्ष्म परजीवीचे दुखणे. ठिपके गळून तळाशी जातात, तेथे त्यांची संख्या वाढते आणि पिल्ले पोहत नवा मासा शोधू लागतात. आमच्या नळ्यांनी त्यांना आठही घरांचा रस्ता मोकळा करून दिला. नातवाने परतल्यावर औषधोपचार केले, तरी तीन मासे दगावले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "आजोबा, तुम्हाला सांगितलं होतं ना?"

आम्ही असे का वागलो, याचा विचार करताना चाळीस वर्षांपूर्वीची एक आठवण वर आली. नोकरीच्या आरंभी आमची नेमणूक एका लहानशा कार्यालयात झाली. तेथे व्हरांड्यात पाण्याचा माठ असे आणि कोपऱ्यातल्या खिळ्याला एक वेगळा पेला अडकवलेला असे. तो झाडूवाल्याचा. त्याने माठाला हात लावायचा नाही. कोणी तरी वरून ओतायचे, तेव्हा त्याने प्यायचे. अस्पृश्यता राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने नष्ट केली आहे, हे आम्ही परीक्षेत लिहून आलो होतो. पेला रोज पाहत होतो. बदली होऊन निघेपर्यंत आम्ही त्याविषयी चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून 'वेगळे ठेवा' हे शब्द कानांवर पडले की आम्ही आतून आक्रसतो. त्या निळ्या माशाला वेगळे न ठेवण्यात दया किती होती आणि त्या जुन्या गप्प बसण्याची भरपाई किती होती, हे आम्हांस आजही नीट सांगता येणार नाही. भरपाई मात्र तीन मुक्या जिवांनी केली.

म्हणजे वेगळे ठेवणे कधी कर्तव्य असते आणि कधी पातक असते. दोहोंतील भेद कसा ओळखावा? आपल्या समाजाच्या इतिहासाने तो शिकवण्याची संधी अनेकदा दिली आहे. जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. महाडचे चवदार तळे खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ साली केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर तेथील सनातन्यांनी शेण-गोमूत्राने ते तळे 'शुद्ध' करून घेतले. पुढे तळे खाजगी असल्याचा दावाही कोर्टात चालला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. या प्रसंगाकडे गाळणीच्या दृष्टीने पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. शुद्धी करणाऱ्यांनी पाण्यातला दोष तपासलाच नव्हता. त्यांनी पिणाऱ्याची जात तपासली होती. जी गाळणी माणूस अडवते आणि शेण आत सोडते, तिला गाळणी म्हणता येत नाही.

विचारांती आम्हांस तीन कसोट्या सुचतात. पहिली : वेगळे ठेवण्याचे कारण दुखण्यात असावे, जन्मात नव्हे, आणि ते दुखणे तपासून पाहता यावे. दुसरी : त्याला मुदत असावी. चार आठवडे म्हणजे चार आठवडे; मुदत नसलेले विलगीकरण हा बहिष्कारच होय. तिसरी आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. वेगळे ठेवण्याचा भार ठेवणाऱ्याने उचलावा. वेगळ्या टाकीला सामाईक गाळणी नसते, म्हणून तिचे पाणी रोज हाताने बदलावे लागते. ते इतरांच्या पाण्याइतकेच स्वच्छ असले पाहिजे. खिळ्यावरचा तो पेला यांपैकी एकाही कसोटीला उतरत नव्हता. त्याला मुदत नव्हती, कारण नव्हते, आणि भार सगळा त्या पिणाऱ्यावरच होता.

करोनाच्या काळात, २०२० साली, विलगीकरण हा शब्द आपल्या घराघरांत पोचला. त्या दिवसांत ज्यांनी आजाऱ्याच्या दारात दोन वेळचा डबा ठेवला, त्यांनी वेगळे ठेवले पण तोडले नाही. बरे होऊन आलेल्या शेजाऱ्यालाही ज्यांनी महिनोन्महिने जिना चढू दिला नाही, त्यांनी रोगाचे निमित्त केले. दोन्ही प्रकार आपण पाहिले आहेत. कदाचित दोन्ही प्रकारांनी आपण वागलोही असू.

एकत्र राहता येत नसेल तर वेगळे राहावे. त्यात पाप नाही. या गावात मराठी, गुजराती, मुसलमान, बोहरी अशी किती घराणी पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या चाली-रीतींनी आपापल्या भिंतींआड राहत आली. भिंती होत्या, पण भुयारातले पाणी एक होते. ज्याने पाणी एक केले, त्याने शेजाऱ्याच्या चुकीचा थोडा वाटा सोसायचे आणि आपले दुखणे त्याच्यापर्यंत न पोचवायचे, असा करार न लिहिताच केला आहे. सोय हवी आणि करार नको, असे चालत नाही.

आता मांडणीच्या शेजारी एका तिवईवर नववी टाकी आहे. नवा मासा आला की तो आधी तेथे राहतो. नातू आठ महिने शाळेच्या गावी असतो, तेव्हा तिचे पाणी रोज सकाळी आम्ही बदलतो. दुसऱ्या कोणाला सांगत नाही. काचेवर खडूने त्याच्या सुटकेची तारीख लिहिलेली असते. गेल्या रविवारी एक तारीख पुसली आणि एका लाल माशाला सामाईक पाण्यात घेतले.