विम्यात बसणारं दुखणं

पारोळ्याच्या स्टँडवरून पूर्वेकडची गाडी धरली की जळगाव, पश्चिमेकडची धरली की धुळे. बोरी नदीकाठच्या एका गावात, एकाच घरात, दोन जावा होत्या. दोघींना दुखणं सारखंच जडलं. पण थोरली जळगावला गेली आणि धाकटी धुळ्याला.

या घराचा कार्डावर फार विश्वास. तो उगाच नव्हता. २ जुलै २०१२ ला मोफत उपचार देणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठात धुळे होतं, जळगाव नव्हतं. सासूबाईंचा भाऊ धुळे तालुक्यातला. केशरी रेशनकार्ड दाखवून त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि घरच्यांना शेत विकावं लागलं नाही. जळगावकरांची पाळी २१ नोव्हेंबर २०१३ ला आली. पुढे योजनेचं नाव बदलून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, पण सासूबाईंच्या तोंडी एकच वाक्य राहिलं: "कार्डवर मन्हा भाऊ वाचना."

थोरलीचं वय चौतीस. दोन पोरं झाल्यावर तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. वर्षभरापासून पाळी दहा-बारा दिवस चालायची, मधल्या दिवसांत अंगावर पांढरं जायचं, कंबर धरायची. कापूस वेचताना ती दर दोन तासांनी बांधाच्या आड जायची; बरोबरच्या बायकांना कळायचं, पण विचारायचं कोणी नाही. तिनेही कुणाला सांगितलं नाही. असली दुखणी अंगावरच काढायची, हे तिला माहेरीच शिकवलेलं.

तिचा नवरा जळगावच्या एमआयडीसीत कामाला. पगार एकवीस हजारांच्या वर गेला तेव्हा त्याचं ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, सुटलं, आणि कंपनीने कामगारांचा सामूहिक विमा काढला. बायको-पोरांची नावं त्यात आली. घरात प्लास्टिकचं नवं कार्ड आलं.

त्या कार्डाच्या जोरावर तो तिला एका खासगी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासून दोन वाटा सांगितल्या. एक, रक्त आणि सोनोग्राफी करून तीन महिने गोळ्या घ्यायच्या, मग बघायचं. दुसरी, पिशवी काढून टाकायची. "पिशवीला सूज आहे. पोरं तर झालीत. काढली की कायमची कटकट मिटेल."

नवरा बाहेर येऊन काउंटरवर उभा राहिला.

"गोळ्या आणि तपासण्या विम्यात बसतात का?"

"भरती झाल्याशिवाय काही बसत नाही."

"आणि ऑपरेशन?"

"ते पूर्ण बसतं. कॅशलेस. संध्याकाळपर्यंत मंजुरी येईल."

त्याने मनातल्या मनात हिशेब मांडला. तपासण्या खिशातून, गोळ्या खिशातून, दर महिन्याची फेरी खिशातून, शिवाय रजेचे दिवस गेले ते वेगळे. ऑपरेशनला मात्र एक रुपया नाही. घरी फोन लावला तर सासूबाई म्हणाल्या, "कार्ड शे ना, मंग घाबरस कसाले?" थोरलीला कुणी विचारलं नाही असं नाही. विचारलं, आणि ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही निघाली. ती काढणार हे कागदावर लिहिलेलं होतं. कागद इंग्रजीत होता, सही तिची होती.

रक्त थांबलं. पण दोन महिन्यांत अंगातून वाफा येऊ लागल्या. रात्री झोप लागेना, भाकरी थापताना मनगटं दुखायची, चिडचिड व्हायची. पन्नाशीच्या आसपास येणारी अवस्था तिला चौतिसाव्या वर्षी आली होती, कारण ज्या अंडाशयांतून शरीराला पाळीची संप्रेरकं मिळतात तीच उरली नव्हती. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियम आणि हाडांची तपासणी डॉक्टरांनी सांगितली. नवऱ्याने पुन्हा काउंटरवर विचारलं. यातलं काहीच विम्यात बसत नव्हतं.

पुढच्या वर्षी धाकटीला तोच त्रास सुरू झाला. वय सत्तावीस, एक मुलगी. तिचा नवरा चोपड्याकडे केळीच्या कापणीला रोजाने जायचा. त्याला कसला विमा? घराच्या केशरी कार्डावरही तिचं नाव चढलेलं नव्हतं. माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा राहून गेला होता. तिच्याजवळ दाखवायला काही नव्हतं. म्हणून तिने गावच्या आशाताईला फक्त दुखणं सांगितलं.

आशाताईने आधी तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, त्या आतून पांढऱ्याफटक होत्या. मग म्हणाली, "धुळ्याला चाल. केसपेपर काढू. थोडा वेळ जाईल, पैसा जाणार नाही."

चक्करबर्डीच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रांग लांब होती. सोनोग्राफीला दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं. बाक कमी, पंखा बंद. पण डॉक्टरबाईंनी धाकटीला जे विचारलं ते थोरलीला कुणी विचारलं नव्हतं: किती कापड भिजतं, खाज येते का, नवऱ्याला काही त्रास आहे का, पुढे मूल हवं आहे का. रक्तात लोह फार कमी निघालं. आत जंतुसंसर्ग होता. औषधाची पाकिटं दोघा नवरा-बायकोला मिळाली. एकट्या बाईने गोळ्या घेतल्या तर संसर्ग नवऱ्याकडून परत येऊ शकतो, हे त्याला समोर बसवून सांगितलं. त्याने मान खाली घातली, पण गोळ्या घेतल्या. तीन महिन्यांनी पाळी पाच दिवसांवर आली. दुसरं मूल इतक्यात नको होतं, म्हणून तिने तांबी बसवून घेतली. तीही मोफत.

धाकटीने जावेची गोष्ट काढली तेव्हा डॉक्टरबाईंनी नाव न विचारता एवढंच सांगितलं, की हे एका घराचं दुखणं नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. त्याआधी बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच ऑपरेशनांवरून एक डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात गेले होते. गरिबांना वर्षाला तीस हजारांचं संरक्षण देणाऱ्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचे पैसे उचलायला गरज नसताना पिशव्या काढल्या जातात, अशी त्यांची तक्रार होती. ५ एप्रिल २०२३ ला न्यायालयाने राज्यांना सांगितलं, की अशी ऑपरेशनं रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा.

धाकटीने हे घरी येऊन सांगितलं. थोरली ऐकत होती, काही बोलली नाही. सासूबाई मात्र संतापल्या. "म्हणजे कार्ड वाईट? मन्हा भाऊ कसा वाचना मंग?"

उत्तर त्यांच्याच अंगात दडलेलं होतं. त्यांची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि चार महिन्यांपासून पुन्हा डाग पडू लागले होते. या वयात काय सांगायचं म्हणून त्यांनी ते लपवलं. लुगडं वेगळं धुताना धाकटीने पाहिलं. तिने आशाताईला गाठलं, आणि दोघींनी सासूबाईंना धरून धुळ्याला नेलं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर थांबायचं नाही, लगेच तपासून घ्यायचं, गरज असेल तर तुकडा काढून, हा नियम आहे. तपासणीत गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला. पसरला नव्हता.

आता कार्ड बाहेर आलं. नाशिकच्या एका रुग्णालयात महात्मा फुले योजनेतून पाच-सहा आठवडे किरणोपचार आणि सोबत केमो झाली. पूर्वी दीड लाखाची असलेली योजनेची मर्यादा आता पाच लाखांवर गेली आहे. खिशातून करायचं तर या घराला कापसाचे दोन हंगाम गहाण टाकावे लागले असते. म्हणजे कार्ड वाईट नव्हतंच. भावाच्या वेळीही आधी आजार नक्की झाला होता, मग कार्ड दाखवलं होतं. थोरलीच्या वेळी उलटं झालं: कार्ड आधी दाखवलं आणि त्यात बसेल असा उपचार शोधला.

सासूबाई बऱ्या होऊन आल्यावर एकदा दोन्ही सुनांसमोर बोलल्या. नेहमीची बोली सोडून मराठीत बोलल्या, म्हणजे गोष्ट गंभीर होती. "कपाशीवर बोंडअळी पडली तर आपण झाड उपटत नाही, आधी काय पडलं ते पाहतो. तुझ्या वेळी फोनवर मी पाहायला सांगितलं नाही, थोरले. कार्ड आहे, एवढंच सांगितलं."

थोरली म्हणाली, "आई, काउंटरवर यांनी विचारलं ते चुकीचं नव्हतं. ते पहिलं विचारलं, हे चुकलं."

त्यानंतर दोन कामं झाली. धाकटीचं नाव रेशनकार्डावर चढलं. थोरलीने स्वतः तहसील कचेरीत दोन खेटे घालून ते करून घेतलं. आणि उपकेंद्रात तिशीपुढच्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी असते त्या दिवशी सासूबाई दारोदार जाऊन बायका गोळा करू लागल्या. कुणी म्हणालं, "मन्हाकडे कार्ड नही," तर त्या म्हणतात, "तपासाले कार्ड लागस नही."

तात्पर्य: विमा बिल भरतो, सल्ला देत नाही. आधी दुखणं दाखवावं, ते काय आहे आणि किती उपचाराने बरं होईल ते विचारावं, गरज पडल्यास दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारावं. कार्ड त्यानंतर काढावं. आणि ज्यांच्या हाती विम्याचे नियम आहेत त्यांच्यासाठीही यात बोध आहे: पिशवी काढायला पैसे आणि ती वाचवणाऱ्या गोळ्यांना नकार, असा नियम असेल तर पिशव्याच निघतील.