द्वारपालाचे वेतन

आपण वाचीत बसलो असता कोणी मध्येच येऊन पुस्तकावर हात ठेवू लागला, तर त्याला बाजूस सारण्याचा आपणास अधिकार आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता विचारण्याच्या योग्यतेचाही वाटत नाही. घर आपले, वेळ आपला, डोळे आपले. मग आगंतुकास दार दाखविण्यास परवानगी कोणाची काढावयाची? परंतु मोबाईलवर एखादे पान उघडावे आणि पहिली ओळ वाचून होते न होते तोच जाहिरातीची दुसरी खिडकी त्यावर येऊन आदळावी, हा जो आपल्या सर्वांच्या नित्य परिचयाचा प्रकार, त्याच्यासंबंधी हाच प्रश्न इतका सोपा राहत नाही. कारण येथे घर सर्वस्वी आपले नसते. मजकूर दुसऱ्याने लिहिलेला असतो, तो आपण काही न देता वाचीत असतो, आणि तो आगंतुक आपणास बजावीत असतो की, ज्या पंक्तीस तुम्ही बसला आहात तिचा खर्च मी सोसतो आहे. पॉप-अप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खिडक्या अडविणारी साधने आज विनामूल्य मिळतात. ती वापरावी की नाही, आणि वापरावयाची तर कोणते निवडावे, या दोन्ही प्रश्नांत नीतीचा भाग आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

याचे निमित्त धारणीस घडले. अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असा मेळघाटचा रस्ता धरून मी गेल्या पावसाळ्यात तेथे एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो होतो. तो तेथे शिक्षक आहे. वाटेत लागणारे हरिसाल हे गाव 2016 साली महाराष्ट्र शासनाने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या सहकार्याने 'डिजिटल व्हिलेज' म्हणून पुढे आणले होते, हे पुष्कळ वाचकांस आठवत असेल. तात्पर्य, इंटरनेट ही वस्तू त्या डोंगरात आता अपूर्वाईची राहिलेली नाही. मी बसलो असतानाच एक कोरकू मुलगी शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत पाहून देण्याविषयी विचारीत आली. हातातला फोन तिच्या घरातला एकुलता एक. तिने माहिती देणारे कोणते तरी खासगी पान उघडले, त्यावर बोट टेकविले, तो लाल अक्षरांची खिडकी उभी राहिली : तुमच्या फोनमध्ये व्हायरस शिरले आहेत, तत्काळ येथे दाबा. मुलगी घाबरली. कोपऱ्यातील फुलीवर तिने बोट ठेवले, तर ती फुली खोटी. तिच्यामागून आणखी एक खिडकी निघाली. मुदतीची तारीख राहिली बाजूलाच.

"सर, यावर फुकटचा एखादा उपाय असेल ना?" माझ्या विद्यार्थ्याने विचारले, "असतील पुष्कळ, पण त्यातला चांगला कोणता हे ओळखायचं कसं?" मी प्राध्यापकी स्वभावाला अनुसरून त्याला प्रथम उपदेशच केला, की जाहिराती अडवाव्या हे ठीक, पण मग लिहिणाऱ्यांचे पोट कशावर चालावे? त्यावर तो शांतपणे म्हणाला, "सर, हिच्या फोनचं रिचार्ज कोण करतं? हिचा बाप वर्षातले कित्येक महिने मजुरीसाठी बाहेर असतो. ती जाहिरात याच पैशानं उतरते."

या उत्तराने मी निरुत्तर झालो, हे कबूल करतो. पूर्वी पोस्टात नॉटपेड पत्र येत असे. धाडणाऱ्याने तिकीट लावलेले नसे, म्हणून ते सोडवून घेणाऱ्याला दंडासह दाम मोजावे लागत. परंतु तेथेही पत्र न स्वीकारता परत लावण्याची मुभा त्याला होती, आणि ते परत लावणाऱ्यास कोणी चोर म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. ही उडी घालणारी जाहिरात म्हणजे असे नॉटपेड पत्रच होय; फरक इतकाच, की ते दारात येत नाही, सरळ माजघरात येते आणि दाम आपल्या खिशातून आधीच कापून घेते.

वर्तमानपत्रातील जाहिरातीशी हिची तुलना करून जे तिचे समर्थन करतात त्यांस मला एवढेच सांगावयाचे आहे, की बसलेला विक्रेता आणि वाट अडविणारा विक्रेता हे एक नव्हेत. धारणीच्या आठवडी बाजारात बांगड्यांपासून बियाण्यापर्यंत सर्व काही आरोळी देऊनच विकले जाते. आरोळी ऐकावी, थांबावे अथवा पुढे जावे. परंतु एखादा आपल्या टोपलीवर झाकण घालून उभा राहिला आणि माझा माल पाहिल्याखेरीज हे काढणार नाही म्हणाला, तर बाजारच त्याला बाहेर काढील. वर्तमानपत्राच्या रकान्यातील जाहिरात पहिल्या जातीची आहे. तिने लिहिणाऱ्यांची, छापणाऱ्यांची आणि माझ्यासारख्या वाचणाऱ्यांची पिढ्यान् पिढ्या सोय केली आहे, आणि तिचा मी ऋणी आहे.

मौजेची गोष्ट अशी, की या खिडकीचा जन्म मुळात एका संकोचातून झाला. ट्रायपॉड नावाच्या अमेरिकन संकेतस्थळावर लोक स्वतःची पाने मांडीत. एका मोटार कंपनीची जाहिरात तेथे एका बीभत्स विषयावरील पानावर झळकली व कंपनी संतापली. तेव्हा जाहिरात त्या पानाचा भाग वाटू नये म्हणून ती वेगळ्या खिडकीत उघडण्याची युक्ती 1990 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील ईथन झुकरमन यांनी लिहून काढली. 2014 साली 'द अटलांटिक' या मासिकात लेख लिहून त्यांनी या कृत्याबद्दल जगाची क्षमा मागितली. आमचा हेतू चांगला होता, असे त्यांनी म्हटले, आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचे मला कारण दिसत नाही.

अडविण्याचा अधिकार न्यायासनापुढेही तपासला गेला आहे. जर्मनीतील ॲक्सेल श्प्रिंगर या बलाढ्य प्रकाशनसंस्थेने 'ॲडब्लॉक प्लस' हे साधन चालविणाऱ्या आयओ कंपनीवर फिर्याद केली होती. 2018 च्या एप्रिलमध्ये तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ही अनुचित स्पर्धा नव्हे असा निर्णय दिला. स्वामित्वहक्काच्या अंगाने तो तंटा पुढेही चालू राहिला. अमेरिकेच्या एफबीआयने तर 2022 च्या डिसेंबरात, शोधयंत्रावरील खोट्या जाहिरातींतून लोक फसविले जातात म्हणून, नागरिकांस असे साधन वापरण्याचा सल्लाच दिला. त्या कोरकू मुलीच्या लाल खिडकीचा विचार करता तो सल्ला मला अतिशयोक्तीचा वाटत नाही.

तेव्हा दार लावावे, यात संशय नाही. परंतु दारावर जो माणूस उभा करावयाचा, तो कोणाचे अन्न खातो, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. 'फुकट ते पौष्टिक' या म्हणीवर विश्वासून येईल ते साधन ठेवून घेणाऱ्यांची गत काय होते ते 2018 सालीच दिसून आले. गूगलच्या दुकानात जाहिराती अडविणारी म्हणून मांडलेली पाच साधने खोटी असल्याचे ॲडगार्ड कंपनीने उघडकीस आणले, आणि तोवर 2 कोटींहून अधिक वेळा ती लोकांनी घेतली होती. चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यावर कुलपाचे गुण काय गावे?

इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोहोंना एकच शब्द असल्यामुळे रिचर्ड स्टॉलमन यांना आपल्या चळवळीचा अर्थ पुनःपुन्हा समजावून सांगावा लागला. 1983 मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हा त्यांस जे अभिप्रेत होते ते हे, की संगणकाची आज्ञावली कोणालाही वाचता, तपासता, सुधारता व वाटता यावी. आपल्या मराठीला ही अडचण नाही. फुकट म्हणजे फुकट आणि मुक्त म्हणजे मुक्त. मात्र शब्द वेगळे असले म्हणून विवेक आपोआप येत नाही. 'ॲडब्लॉक प्लस' हे मुक्तही आहे आणि फुकटही. तरीसुद्धा 2011 पासून त्यात 'स्वीकार्य' ठरविलेल्या जाहिराती आपण होऊन मना केल्यावाचून आत सोडल्या जातात, आणि मोठ्या कंपन्यांकडून त्याबद्दल मोबदला घेतला जातो. याला कोणी लाच म्हणतात, कोणी तडजोड म्हणतात. नियम जाहीर आहेत आणि ती सूट बंदही करता येते, म्हणून मी लाच म्हणणार नाही. पण द्वारपालाचे वेतन पाहुणे देत असतील, तर यजमानाने ते जाणून असावे.

याच्या उलट 'यूब्लॉक ओरिजिन'. रेमंड हिल या गृहस्थांनी 2014 साली 'यूब्लॉक' लिहिले, पुढल्याच वर्षी ते दुसऱ्याच्या स्वाधीन केले, आणि त्या नावावर देणग्या मागितल्या जाऊ लागल्या तेव्हा स्वतःची वेगळी आवृत्ती चालू ठेवली. मूळ 'यूब्लॉक' 2018 मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेले. हिल आजवर कोणाकडून देणगी घेत नाहीत. द्यावयाचेच असेल तर अडवावयाच्या जाहिरातींच्या याद्या जे स्वयंसेवक अहोरात्र सांभाळतात त्यांची आठवण ठेवा, असे सांगतात. आपल्याकडे पाणपोई घालणारे असत त्यांच्या जातीचे हे दान आहे. अशा दानावर कोट्यवधी लोकांनी विसंबून राहावे हे सुखाचे असले तरी निर्धास्त होण्याजोगे नाही, हेही मनात येते.

अँड्रॉइड फोनवर हे साधन बसवावयाचे तर फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये ते बसते. सामान्य फोनमधील क्रोममध्ये अशी जोड बसत नाही. संगणकावरील क्रोममध्येही 2024-25 मध्ये बदललेल्या नियमांमुळे 'यूब्लॉक ओरिजिन'ला जागा उरली नाही, त्याचे हलके रूप तेवढे चालते. नियम सुरक्षिततेसाठी बदलले असे गूगल म्हणते. ज्याचे बहुतेक उत्पन्न जाहिरातीचे त्याने जाहिरातीच्या कुंपणाचे माप ठरवावे, यात वाचकाने काय ते समजावे. पण फायरफॉक्सच्या घरीही तपासून पाहिले तर तिजोरीत बहुतांश पैसा गूगलचाच सापडतो, कारण शोधयंत्र म्हणून त्यालाच अग्रस्थान देण्याचा करार आहे. शुद्ध सोवळ्यातले अन्न या बाजारात कोठेच शिजत नाही. क्रोम असो वा फायरफॉक्स, आपोआप उडणाऱ्या खिडक्या दोघेही मुळात अडवितातच. म्हणून जाहिरातवाले त्या आपल्या बोटाच्या स्पर्शाला बांधून ठेवतात, म्हणजे ब्राउझरला वाटावे की मालकानेच दार उघडले. त्या मुलीच्या हातून झाले ते हेच. याद्यांच्या आधारे चालणारे साधन स्पर्शाकडे पाहत नाही, खिडकी कोणत्या पत्त्यावरून येते ते पाहते.

त्या संध्याकाळी आम्ही तिच्या फोनवर फायरफॉक्स आणि 'यूब्लॉक ओरिजिन' बसविले. मुदतीची तारीख मिळाली. अजून चार दिवस होते. मग माझ्या विद्यार्थ्याने स्वतःच्या फोनवरही तेच केले, आणि तो रोज वाचतो त्या मराठी वृत्तपत्राच्या पानावर थांबला. "सर, यांच्यापुरतं बंद ठेवू का? मला पगार आहे." त्याने बटण दाबून त्या एका पानापुरता पहारा उठविला. पान पुन्हा उघडले. बातमीच्या खाली सोयाबीनच्या बियाण्याची एक जाहिरात होती. ती आपल्या जागी बसून होती, आणि तो तिच्या वरची बातमी वाचू लागला. मुलीने मात्र आपल्या फोनवर कोणासाठीही पहारा उठविला नाही, आणि तिला तसे सांगण्याचे आम्हा दोघांपैकी कोणाच्याही मनात आले नाही.