व्यसन : पाप की आजार?

दारूच्या आहारी गेलेल्या माणसाविषयी आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. "मनात आणले तर आजच सोडेल" हे एक आणि "रक्तातच आहे, बापही असाच होता" हे दुसरे. पहिल्यात सगळा दोष त्याच्या माथी येतो, दुसऱ्यात त्याची आशाच सोडलेली असते.

रक्ताचे म्हणणे अर्धे खरे आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून दिसते की, दारूच्या व्यसनाचा धोका एकाला जास्त व दुसऱ्याला कमी असतो, त्या फरकाचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असतो. डेन्मार्कमध्ये लहानपणीच दत्तक गेलेल्या मुलग्यांचा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला. जन्मदात्यांपैकी कोणी मद्यपी असलेले मुलगे परक्या घरात वाढूनही, इतर दत्तक मुलग्यांच्या मानाने जवळजवळ चौपट प्रमाणात मद्यपी झाले. तरीही त्यांच्यातले बहुसंख्य तसे झाले नाहीत, हेही विसरू नये. उलट चीन, जपानकडील अनेकांच्या शरीरात असे जनुक असते की थोड्याशा दारूनेही चेहरा लालबुंद होतो, मळमळते. त्यामुळे त्यांना हे व्यसन कमी लागते. त्यात त्यांचा संयम किती?

आता 'मनात आणण्या'विषयी. भुकेल्याला जेवण मिळाले की मेंदूत डोपामाइन नावाचे द्रव्य स्रवते आणि 'हे पुन्हा कर' असा धडा गिरवला जातो. देवाने जगण्यासाठी दिलेली ही सोय दारू, तंबाखू, गर्द बळकावून बसतात. हळूहळू मेंदू सरावतो. पिण्यातला आनंद आटतो, पण ओढ वाढतच जाते. आणि कपाळामागचा जो भाग आपल्याला 'थांब' म्हणतो, तोच दुबळा होतो. ज्या मनाने निश्चय करायचा त्याचे साधनच जखमी! हवे ते चांगले हातून घडत नाही आणि नको ते घडते, ही व्यथा संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात मांडली आहे.

मग हे पाप नव्हेच का? ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. १७३५) सांगतो की भीती, सवय, मानसिक कारणे यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी नाहीशीही होऊ शकते. कृत्य मात्र त्यामुळे चांगले ठरत नाही. म्हणून नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "तो आजारी आहे, सांभाळून घे" असा सल्ला कोणी देऊ नये. तिला आधी सुरक्षित जागा हवी.

व्यसनी माणसाचे स्वातंत्र्य थोडे उरते, पण उरते. फक्त ते ग्लास समोर आल्यावर शोधायचे नसते, त्याआधी शोधायचे असते. डब्लिनचा मजूर मॅट टॅलबट बाराव्या वर्षी कामाला लागला आणि लवकरच पिऊ लागला. १८८४ साली, वयाच्या २८व्या वर्षी, त्याने धर्मगुरूंसमोर शपथ घेतली, तीही फक्त तीन महिन्यांची. दारूच्या दुकानात शिरण्याचा मोह होऊ नये म्हणून त्याने खिशात पैसे ठेवणेच सोडले. १९२५ साली मरेपर्यंत त्याने दारूला स्पर्श केला नाही. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्याला 'वंदनीय' घोषित केले. आपल्याकडे फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले. तिथेही एकट्याच्या निर्धारापेक्षा एकमेकांच्या आधारावर भर असतो.

उरतो पाजणारा. त्याच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. चार महिने कोरडा राहिलेला माणूस लग्नाला येतो आणि पाहुणचार म्हणून आपण त्याच्या हातात ग्लास कोंबतो, "एकाने काय होते?" म्हणतो. कोणाच्या रक्तात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि त्याचा दुबळा झालेला 'थांब' आपण चारचौघांत थट्टेने मोडून काढतो. तो बिचारा आजारी असेल, पण आपण तर शुद्धीत असतो ना?

खुद्द मिस्साबलिदानातही ख्रिस्तसभा या दुखण्याची दखल घेते. मद्याच्या व्यसनातून सावरणाऱ्या धर्मगुरूला, बिशपांच्या परवानगीने, द्राक्षमद्याऐवजी 'मुस्तुम', म्हणजे आंबण्याची क्रिया थांबवलेला द्राक्षरस, वापरता येतो. २००३ साली रोमहून सर्व बिशप परिषदांना गेलेल्या पत्रात याचे नियम स्पष्ट केले आहेत. वेदीवर ही काळजी घेतली जाते. लग्नाच्या मांडवात मात्र सरबताचा ग्लास घेतलेल्या माणसाला आपण अजून कारण विचारतो.