गणनेचे फळ आणि सत्कार्यवाद

हास्केलसारख्या फलनप्रधान संगणकभाषेत फलन रचणे म्हणजे यंत्राला एकामागून एक आज्ञा देणे नव्हे, तर दिलेली मूल्ये आणि त्यांपासून मिळणारे मूल्य यांचा संबंध एका समीकरणात सांगून ठेवणे होय. अहिल्यानगर जिल्ह्यातील साखर कारखान्याचा साधा हिशेब घेतला, तर ‘ऊसबिल’ या नावापुढे वजन आणि दर ही दोन प्राचले, म्हणजे किंमत अजून न ठरलेली नावे, लिहून बरोबरच्या चिन्हापलीकडे त्यांचा गुणाकार मांडला की व्याख्या पुरी होते. पुढे 20 टन वजन आणि टनाला 3,000 रुपये दर दिला की प्राचलांच्या जागी हे आकडे बसतात आणि 60,000 हे उत्तर मिळते. अलोन्झो चर्च यांनी 1930च्या दशकात मांडलेले लॅम्डा कलन याच प्रतिस्थापनावर उभे आहे.

हे 60,000 गणनेने नव्याने उत्पन्न केले, की व्याख्येत आणि आकड्यांत ते आधीच होते? तिळात तेल असते तसे कार्य कारणात असतेच, असे मानणारा सांख्य दर्शनाचा सत्कार्यवाद येथे बलवान ठरतो, कारण बाहेरची कोणतीही नोंद न बदलणाऱ्या शुद्ध फलनात ‘ऊसबिल 20 3000’ या पदाच्या जागी कोठेही 60,000 लिहिले तरी आज्ञावलीचा अर्थ तसूभर बदलत नाही. कार्य उत्पत्तीपूर्वी नसतेच, असे म्हणणारे नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे अनुयायी, मात्र विचारतील की, फळ आधीच असेल तर गणनेचे श्रम कशासाठी? सांख्यांचे उत्तर असे की, श्रम अभिव्यक्तीसाठी, म्हणजे अव्यक्त होते ते व्यक्त करण्यासाठी असतात.

हे उत्तर पुरेसे नाही. स्वतःलाच अखंड हाक मारत राहणाऱ्या फलनाला फळच येत नाही, आणि दिलेली गणना संपेल की नाही हे प्रत्येक वेळी आधी सांगू शकेल अशी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे चर्च आणि ॲलन ट्युरिंग यांनी 1936 मध्ये दाखवले. तेव्हा फळ कारणात असणे आणि ते तेथे आहे हे कळणे या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्याच लागतात.

अव्यक्त आणि व्यक्त हा भेदच न मानणारा विचारही आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातीलच नेवासे येथे, प्रवरेच्या काठी, 1290 मध्ये ज्ञानदेवांची ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, आणि अमृतानुभवही परंपरेने नेवाशाचाच मानला जातो. अमृतानुभवात ज्ञानदेव अज्ञानाचे खंडन करून दृश्य जग हा चैतन्याचाच विलास ठरवतात. तेथे लपलेले आणि प्रकटलेले असे दोन पदार्थच उरत नाहीत. फलनाला हा विचार जसाच्या तसा लावणे गैर होईल, कारण ज्ञानदेवांचा विषय चैतन्य आहे आणि फलन जड आहे. तरी फळ प्रकट झाल्याने मूळ उणे होत नाही, एवढे साम्य खरे आहे.

हास्केलमध्ये गरज पडेपर्यंत मूल्य काढले जात नाही, म्हणून सर्व नैसर्गिक संख्यांची अनंत यादीही एका ओळीत व्याख्येत बसते, आणि तिच्यातील पहिल्या दहा मागितल्या तर स्मृतीत तेवढ्याच उतरतात. उरलेल्या संख्या व्याख्येत आहेत असे सांख्य म्हणेल, त्या अजून झालेल्याच नाहीत असे नैयायिक म्हणेल. अर्थाच्या पातळीवर सांख्याचे म्हणणे आणि यंत्राच्या पातळीवर नैयायिकाचे म्हणणे मान्य करावे लागते.