पात्र आणि पात्रता

‘सुरतेचे जमण आणि काशीचे मरण’ ही म्हण या नगरीत आपण सर्वांनीच ऐकली आहे. परंतु पदार्थांविषयी येथे जितका विचार होतो, तितका ते ज्या भांड्यांतून वाढले जातात त्यांविषयी क्वचितच होतो. भांडे ही नुसती सोयीची वस्तू नव्हे. ते जेवणाऱ्याचा मान राखते किंवा त्यास ओशाळे करते. म्हणून हा प्रश्न नीतीच्या कक्षेत येतो असे आम्हांस वाटते.

आपले काठाचे ताट पाहावे. वरणभात कालवून घास जुळविताना त्याचा उभा काठ बोटांस आधार देतो आणि वरण बाहेर जाऊ देत नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ही डावीकडे, कारण ती थोडीथोडीच लागतात. भाजी व आमटीची वाटी उजवीकडे, कारण हात वारंवार तिकडे जातो. पत्रावळीस काठ नाही, म्हणून भाताचे आळे करून त्यात वरण घेण्याची रीत पडली. खानदेशातून सुरतेत येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांत भाकरी रश्शात कुस्करून खातात; तेथे उथळ बशी काय कामाची? ही भांडी कोणा एका कारागिराने रेखाटली नाहीत. जेवणाऱ्यांच्या हातांनीच ती पिढ्यान्‌पिढ्या घडविली.

परदेशी जाणकारांसही हे उमगले. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ सालच्या आपल्या अहवालात साध्या लोट्याचा गौरव केला. त्यात पाणी किती मावते, तो हाती, कमरेवर वा डोक्यावर कसा तोलला जातो, धार कशी पडते, घासावयास किती सोपा, अशा प्रश्नांनी वस्तू पारखावी, असे त्यांनी दाखविले. याच अहवालाच्या प्रेरणेने १९६१ साली आपल्या गुजरातेत, अहमदाबादेस, राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली.

तर मग भांड्याने माणसाच्या प्रत्येक सवयीपुढे मान तुकवावी काय? येथे विवेक हवा. विशिष्ट जातींच्या माणसांकरिता निराळी कपबशी कोनाड्यात ठेवणे हीही एके काळी घरोघरची सवयच होती. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. तरी घरकाम करणाऱ्या बाईंचा पेला वेगळा ठेवणारी घरे आजही आहेत. तांब्यास तोंड न लावता वरून पाणी पिणे ही स्वच्छतेची सवय. एखाद्याचा पेलाच वेगळा काढणे ही अहंकाराची. पहिलीस भांड्याने साह्य करावे, दुसरी आपण मोडावी. एखादी सवय देहाची गरज भागविते, की दुसऱ्यास कमी लेखते, हीच आमच्या मते कसोटी होय.

मंदिरातील महाप्रसादास ही कसोटी लावून पाहू. उभ्याने जेवताना डावा हात ताट धरण्यात गुंततो, वाटी घसरते आणि वृद्धांची त्रेधा उडते. उलट, सर्वांनीच जमिनीवर बसावे हा आग्रहही ज्यांचे गुडघे दुखतात त्यांस जाचतो. म्हणून बसण्याची पंगत असावी आणि ज्यांस मांडी घालता येत नाही त्यांची खुर्ची व मेज त्याच पंगतीत असावे, दूर कोपऱ्यात नव्हे. थरथरत्या हातास उंच काठाचे ताट व चमचा द्यावा, लहानग्यांस रुंद बुडाचा पेला द्यावा. चमचा मागणाऱ्यास कोणी हसू नये, हाताने जेवणाऱ्यासही हसू नये. आणि वाढपी, आचारी, झाडलोट करणारे यांस अखेरीस जे ताट मिळेल, ते पहिल्या पंगतीतल्या ताटासारखेच असावे.

सभासद कुटुंबांनी घरी नवी भांडी घेताना झळाळीबरोबर एवढेही पाहावे, की आपल्या घरातील सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान हातास ती पेलतील काय, आणि दारी आलेल्या कोणासही त्यांतून निःसंकोचपणे वाढता येईल काय. अन्नापुढे बसलेल्याची पात्रता पाहणे हे पात्राचे काम नव्हे, आणि आपलेही नव्हे.